लाट आणि ठेका

परवा रात्री दोन वाजता जर्नल उतरवत बसलो होतो. रूममेटने एक जुना अल्बम लावला. नाव 'सर्फिन विथ बो डिडली', साल 1963.

बो डिडली म्हणजे रॉक अँड रोलमधला बाप माणूस! हातात चौकोनी गिटार आणि 1955 च्या पहिल्याच रेकॉर्डपासून त्याच्याच नावाने ओळखला जाणारा ठेका. वाढला शिकागोत. मग हा समुद्रावर कसा? तर तेव्हा तिकडे कॅलिफोर्नियात डिक डेल, बीच बॉइज वगैरे मंडळींनी सर्फ संगीताची लाट आणली होती. गिटारचा सिग्नल स्प्रिंगमधून फिरवून काढलेला तो ओला, घुमणारा आवाज सगळ्यांना हवा होता. झालं, बो पण पाण्यात! त्याआधी 1960 मध्ये त्याने काउबॉयचा वेष केला होता आणि 1962 मध्ये अल्बमच्या नावात 'ट्विस्टर' आला होता.

मला हसू आलं, पण लगेच जिरलं. कारण आमचं प्रोजेक्ट!

आम्ही चौघांनी सहा महिने पंपाच्या बेअरिंगचं कंपन मोजलं. वर्कशॉपमध्ये हात काळे केले. सबमिशनच्या आदल्या दिवशी कोणीतरी म्हणालं, "टायटलमध्ये एआय टाका रे, त्याशिवाय कोण बघणार?" टाकलं. एक्स्टर्नल सरांनी पहिलाच प्रश्न विचारला, "यात एआय कुठे आहे?" चौघेही बुटांकडे बघत राहिलो. बेअरिंगबद्दल त्यांनी शेवटपर्यंत काही विचारलंच नाही.

लाटेवर जाऊ नका, असं मी म्हणणार नाही. प्लेसमेंट सगळ्यांनाच हवी आणि रेकॉर्ड तर बोलाही विकायची होती. पण गंमत बघा. त्याच 1963 मध्ये तो इंग्लंडच्या दौऱ्यावर गेला, तेव्हा सोबत रोलिंग स्टोन्स नावाची नवखी पोरं होती, त्याची भक्त! पुढच्याच वर्षी 'नॉट फेड अवे' हे गाणं त्यांनी त्याच्याच ठेक्यावर वाजवून गाजवलं. इंग्लंडहून आलेल्या या नव्या बँड्सपुढे सर्फची लाट ओसरली. म्हणजे बो ज्या लाटेमागे गेला ती गेली, आणि पुढची लाट त्याचाच ठेका घेऊन आली.

म्हणून ज्युनियर्सना एवढंच सांगणं: एआय शिका, जरूर शिका. पण नुसतं टायटलमध्ये चिकटवू नका. आणि व्हायवाला जाताना आपलं बेअरिंग विसरू नका. बाकी तुम्ही सुज्ञ आहातच!