आपली गावे : खापा

नागपूर जिल्ह्यातील सावनेर हे तालुक्याचे ठिकाण असल्यामुळे कामकाजासाठी माणसे तेथे जातात. परंतु तेथून दहाएक किलोमीटरवर कन्हान नदीकाठी वसलेले खापा पाहण्यास सहसा कोणी जात नाही. कचेरीने गावास मान मिळतो, हे खरे. गाव जगते मात्र हातच्या धंद्यावर. खाप्याची हकिकत याचीच साक्ष देते.

कन्हान सातपुड्यात उगम पावते आणि पुढे पेंचेस पोटात घेऊन वैनगंगेस मिळते. खापा तिच्या उंच तीरावर आहे. नागपुरास नगरपालिका 1864 साली मिळाली. खाप्यास ती अवघ्या तीन वर्षांनी, 1867 साली लाभली. 1901 च्या खानेसुमारीत येथील वस्ती सुमारे साडेसात हजार होती. एवढ्या लहान गावास हे महत्त्व आले, त्यात कोष्ट्यांच्या हातमागाचा वाटा मोठा होता.

1877 साली नागपुरात टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली. गिरण्यांनी विणकरास स्वस्त सूत दिले, आणि स्वस्त कापड काढून त्याचे गिऱ्हाईकही नेले. काठापदराच्या लुगड्यात मात्र मागाने बराच काळ टिकाव धरला. पुढे ती गिरणीही 2002 साली बंद पडली.

खाप्याजवळच गुमगावची मँगनीजची खाण आहे. (हिंगणा तालुक्यातील गुमगाव निराळे.) हे काळसर खनिज पोलाद कठीण करते, तसेच त्यातील गंधक व प्राणवायू यांचा दोष दूर करते. ही खाण 1962 साली स्थापन झालेल्या व पुढे काही काळ पूर्णतः सरकारी राहिलेल्या ‘मॉयल’ या कंपनीकडे आहे. जमिनीखाली उतरून येथे काम चालते.

आता थोडा विचार करावा. खाणीत एकटा कर्ता पुरुष जातो आणि मजुरी घेऊन येतो. मागावर मात्र सारे घर राबत असे. पुरुष विणी, बायका कांड्या भरीत, म्हातारे ताण्यास हात लावीत आणि मुले पाहता पाहता विद्या शिकत. माग थांबला म्हणजे केवळ एकाची मिळकत थांबत नाही. घरातील प्रत्येकाचे उपयोगीपण हरपते. तालुक्याचे ठिकाण सरकारी हुकुमाने दुसरीकडे नेता येते व परतही आणता येते. मोडलेला घरधंदा हुकुमाने परत येत नाही.

घरच्या जुन्या पेटीत एखादे हातमागाचे लुगडे असल्यास ते कोठले, हे आजीस अवश्य विचारावे. तेवढ्यानेही एखाद्या खाप्याची आठवण राहील.