रुग्णाचे गुपित आणि संगणकाचा माग

श्वित्राच्या उपचारासाठी येणाऱ्या एका अविवाहित मुलीने मध्यंतरी मला विचारले, "डॉक्टर, माझ्या आजाराविषयी आपण कुणाशी बोललात का?" घरी ही गोष्ट केवळ तिच्या आईस ठाऊक होती. भावाच्या मोबाईलवरून तिने आमच्या चिकित्सालयाच्या संकेतस्थळावरील श्वित्राची माहिती वाचली होती व भेटीची वेळ मागणारा अर्ज भरला होता. पुढे त्याच मोबाईलवर पांढऱ्या डागांवरील मलमांच्या जाहिराती झळकू लागल्या आणि भावाने चौकशी आरंभली. मी कुणाशी बोललो नव्हतो. परंतु शोध घेता असे आढळले की, संकेतस्थळ तयार करून देणाऱ्याने वाचकांची संख्या कळावी म्हणून एका जाहिरात कंपनीचा फुकट मिळणारा कोड प्रत्येक पानात घातला होता. जाहिराती त्यामुळेच आल्या असे खात्रीने म्हणता येणार नाही. मात्र त्या मुलीस छातीठोकपणे 'नाही' म्हणण्याचा माझा अधिकार त्या दिवशी गेला.

हा कोड वाचकास दिसत नाही. पान उघडताच कोणत्या मोबाईलवरून कोणते पान पाहिले गेले हे तो त्या कंपनीस कळवितो, आणि तो मोबाईल कुणाचा हे कंपनीस बहुधा आधीच ठाऊक असते. हा प्रकार अज्ञानानेच होतो असेही नाही. अमेरिकेत औषधांवर सवलत देणाऱ्या 'गुडआरएक्स' या कंपनीवर तेथील फेडरल ट्रेड कमिशनने २०२३ मध्ये कारवाई केली. हृदयरोग व रक्तदाबाची औषधे घेणाऱ्यांच्या याद्या तिने फेसबुककडे पाठविल्या व त्यांना हेरून जाहिराती दाखविल्या, असा आरोप होता. प्रकरण १५ लाख डॉलर दंडावर मिटले.

"माझ्याकडे लपविण्यासारखे आहे काय?" असे अनेक सुशिक्षित म्हणतात. निरोगी मनुष्याने असे म्हणणे सोपे आहे. वंध्यत्व, शुक्रदोष, अर्श, मानसविकार यांचे रुग्ण आपल्यासमोरही किती अडखळत बोलतात, हे आपणास सांगावयास नको. शिवाय एकेक नोंद क्षुल्लकच असते. येथे मला दूषीविषाची आठवण होते. अल्पवीर्य असल्याने ते तत्काळ मारीत नाही, शरीरात वर्षानुवर्षे दडून राहते आणि देश, काल, आहार अनुकूल होताच प्रकुपित होते. आज निरुपद्रवी वाटणारी नोंद उद्या विवाह, नोकरी वा विम्याच्या वेळी कुणाच्या हाती असेल, हे रुग्णास कसे कळावे? म्हणून व्यक्तीने काळजी करावी हे खरे. पण मोबाईलमधील प्रत्येक अनुमती वाचून पाहण्याचे ओझे व्याधीने गांजलेल्या माणसावर टाकणे मला अन्यायाचे वाटते. ते ओझे प्रथम आपले आहे. रुग्णाच्या घरातील गोष्टी बाहेर सांगू नयेत, ही आज्ञा चरकसंहितेच्या विमानस्थानात शिष्यास अध्ययनारंभीच दिलेली आहे.

कायदाही आता तेच सांगतो. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने २०१७ मध्ये खासगीपणा हा मूलभूत अधिकार ठरविला. २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा झाला व नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याचे नियम निघाले. माहितीच्या सुरक्षिततेत हयगय केल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. एवढी रक्कम छोट्या चिकित्सालयास होईल असे कुणी समजू नये, पण कायदा केवळ मोठ्या कंपन्यांपुरताच आहे असेही समजू नये.

औषधालयाच्या मालकांस एक प्रश्न. रोख पैसे घेऊन त्रिफळा चूर्णाची पुडी देताना ग्राहकाचा मोबाईल क्रमांक कशासाठी? उत्तर बहुधा 'सणासुदीला सवलतीचा संदेश पाठविण्यासाठी' असेच येईल. मग तसे ग्राहकास सांगावे, आणि तो 'नको' म्हणाला तर चूर्ण तरीही द्यावे. रुग्णांच्या त्वचेची, जिव्हेची छायाचित्रे वैद्यांच्या व्हॉट्सॲप गटांत चर्चेसाठी फिरतात, त्यांत चेहरे दिसतात. रुग्णास त्याची कल्पना असते काय?

आमच्या संकेतस्थळावरील तो कोड मी काढून टाकविला. अर्जात आता रोगाचे नाव विचारीत नाही. नाव, दूरध्वनी व सोयीची वेळ एवढेच. जुन्या अर्जांची यादी अजून संगणकात आहे, ती पुसण्याचे काम चालू आहे. ती मुलगी मात्र पुन्हा आली नाही.