हार पचवणारे चाहते

विदर्भाचा संघ १९५७-५८ पासून रणजी करंडक खेळतो. साठ वर्षे त्याने अंतिम फेरीचे तोंड पाहिले नव्हते. आम्ही बुलढाणेकर पेपरात खेळाच्या पानाच्या तळाशी त्याचा धावफलक शोधायचो. मुंबईकडचे पाहुणे हसायचे. आम्ही मान खाली घालायचो, पण संघ काही सोडवला नाही.

१ जानेवारी २०१८ ला ते फळाला आले. इंदूरला रजनीश गुरबानीच्या हॅटट्रिकने दिल्ली खचली आणि ९ गड्यांनी हरली. शेजारच्या अकोल्याचा आदित्य ठाकरे त्याच सामन्यात प्रथम उतरला होता. आमचे डोळे पाणावले. पुढच्या मोसमातही करंडक आपलाच!

मार्च २०२४ मध्ये वानखेडेवर ५३८ धावांचे लक्ष्य होते. अक्षय वाडकरच्या शतकाने पाचव्या दिवशी आशा लावली, अन् १६९ धावांनी हार झाली. त्या रात्री घास गोड लागला नाही. वर्षभराने नागपुरात केरळविरुद्ध पहिल्या डावाच्या आघाडीवर करंडक परत आला.

बंधू-भगिनींनो, संघ हरला की बायको-लेकरांवर ओरडणारे चाहते आम्ही पाहतो. हरणाऱ्या संघावर साठ वर्षे जीव लावता येतो, तर एका संध्याकाळची हार घरात शांतपणे का सोसू नये?