नळ सार्वजनिक, मग रांगेत श्रीमंतीचा दाखला कशाला?

फॉसेट म्हणजे नळ. ब्लॉकचेनच्या दुनियेत सरावासाठी फुकट टोकन जिथून मिळतात, त्या जागेला हेच नाव आहे. नाव ठेवणाऱ्याला महाडचे तळे ठाऊक नसणार. आम्हाला मात्र ते ऐकल्याबरोबर दुसरे काही आठवत नाही.

आमच्या अभ्यासिकेत दर रविवारी सात-आठ पोरं-पोरी प्रोग्रॅमिंग शिकायला बसतात. त्यांतल्या दोघींनी स्मार्ट कॉन्ट्रॅक्ट लिहिले. ते इथेरियमच्या खऱ्या नेटवर्कवर चढवायचे तर खरे पैसे गॅस फी म्हणून जातात. म्हणून सेपोलिया नावाचे चाचणी नेटवर्क आहे. तिथली नाणी बाजारात शून्य किमतीची, पण फी भरायला तीच लागतात. ती मागायला या मुली एका मोठ्या फॉसेटवर गेल्या, तर उत्तर आले : तुमच्या वॉलेटमध्ये मुख्य नेटवर्कवरचे किमान 0.001 इथर असले पाहिजे.

म्हणजे खोटे नाणे मिळवायला आधी खरे नाणे दाखवा! ही रक्कम रुपयांत शे-दोनशे ते तीन-चारशेच्या घरात जाते. फार नाही, असे कुणी म्हणेल. पण त्यासाठी एक्सचेंजवर खाते, पॅन, बँक, केवायसी आणि इथर बाहेर काढण्याची वेगळी फी. अठरा वर्षे पूर्ण न झालेल्या मुलीने, बाप नाक्यावर उभा राहणाऱ्या घरातून, हे कसे करायचे? यातली एक मुलगी एका खाजगी क्लासमध्ये चौकशीला गेली होती. तिथे हेच फुकटचे टोकन फी घेऊन देत होते. जे विकत घ्यायचेच नसते ते विकणारे आपल्याच वस्तीत पहिले गिऱ्हाईक शोधतात, हे आता नवीन राहिलेले नाही.

1923 साली बोले ठराव झाला, 1924 मध्ये महाडच्या नगरपालिकेने तळे सर्वांना खुले केल्याचा ठराव केला. कागदावर तळे खुले होते. तरी 20 मार्च 1927 ला बाबासाहेबांना तिथे जाऊन पाणी प्यावे लागले. फॉसेटची अट ही अस्पृश्यता आहे असे आम्ही म्हणत नाही. तसे म्हणणे महाडचा अपमान होईल, तिथे आपल्या माणसांची डोकी फुटली होती. आम्ही एवढेच म्हणतो की 'खुले आहे' हा शब्द दिसला की रांगेत कोण उभे राहू शकते ते आधी पाहायचे, ही सवय आपल्याला त्याच तळ्याने लावली आहे.

दुसरी बाजूही ऐकली पाहिजे. 2010 मध्ये गॅव्हिन अँड्रेसन यांनी बिटकॉइनचा पहिला नळ सुरू केला, तेव्हा साधा कॅप्चा सोडवला की 5 खरी बिटकॉइन मिळत. आज असा नळ ठेवला तर यंत्रमानवी खाती तासाभरात तो कोरडा करतील. गोएर्ली या जुन्या चाचणी नेटवर्कचे तेच झाले. साठेबाजांनी टोकन गोळा केले आणि 2023 मध्ये तर त्या शून्य किमतीच्या नाण्याची खरेदी-विक्री सुरू झाली. तेव्हा अट घालणाऱ्यांची अडचण खरी आहे. पण चोर पकडायला पैशाचीच चाळणी का लावली? पाकिटातली रक्कम मोजणे सर्वात सोपे, म्हणून. सोपी चाळणी गरिबालाच आधी बाहेर टाकते.

काही कार्यकर्ते आम्हाला विचारतात, क्रिप्टोचा सट्टा आपल्या मुलांना शिकवता कशाला? सट्टा शिकवत नाही. उलट चाचणी नेटवर्कवर पैसा लागतच नाही, म्हणून ते शिकवतो. 2022 मध्ये गडचिरोलीतल्या एटापल्लीत सुमारे 65 हजार जातीचे दाखले पॉलिगॉन या ब्लॉकचेनवर नोंदवण्याचा प्रयोग झाला. (या पॉलिगॉनच्या चाचणी नेटवर्कचे नाव 2024 पर्यंत 'मुंबई' होते, गंमत म्हणून सांगतो.) ज्या दाखल्यावर आपल्या पोरांचा प्रवेश आणि नोकरी अवलंबून, तो ज्या यंत्रणेत जाऊ शकतो, ती उघडून वाचणारे आपल्यात कुणी नको का? 1923 मध्ये रुपयाचा प्रश्न मुळातून तपासणाऱ्या माणसाचे आपण अनुयायी. पैशाच्या नव्या यंत्राकडे पाठ फिरवणे आपल्याला शोभत नाही.

तोपर्यंत वाट अडलेली नाही. हार्डहॅट आपल्याच लॅपटॉपवर नेटवर्क उभे करते आणि प्रत्येकी 10,000 चाचणी इथर असलेली 20 खाती देते, इंटरनेटही लागत नाही. रीमिक्समध्ये ब्राउझरमध्येच सराव होतो. आमच्या मते पहिले दोन महिने याहून जास्त काही नको. पुढे सेपोलिया हवेच असेल तर गूगल क्लाउडचा फॉसेट केवळ गूगल खात्यावर थोडेथोडे टोकन देतो. आणखी एक फॉसेट आहे, तिथे आपल्या संगणकाला काही वेळ गणित करायला लावून टोकन मिळवता येतात. जुन्या लॅपटॉपचा पंखा घरघरतो, पण श्रमाची अट पैशाच्या अटीपेक्षा आम्हाला बरी वाटते.

आणि सर्वात सोपे : ज्याच्याकडे आहेत त्याने दुसऱ्याला पाठवावेत. आम्ही अभ्यासिकेचे एक सामाईक वॉलेट केले आहे. आयटीत स्थिरावलेल्या आपल्या बांधवांनी जयंतीच्या वर्गणीइतक्याच सहजतेने त्यात चाचणी टोकन टाकावेत, खिशातला एक रुपया जाणार नाही. रविवारी येणाऱ्यांनी सरावासाठी वेगळे, रिकामे वॉलेट काढून फक्त त्याचा पत्ता आणावा. बारा शब्दांची सीड फ्रेज कुणी मागितली, अगदी आम्ही मागितली, तरी द्यायची नाही.