सॉर्टिंग शिकायचं कशाला?

प्लेसमेंटच्या कोडिंग राउंडला बसलेल्या कुणालाही विचारा, तयारीत सगळ्यात आधी काय घोटलं? उत्तर ठरलेलं: सॉर्टिंग. बबल, मर्ज, क्विक. मनातली तक्रारही ठरलेलीच. 'पायथॉनमध्ये हे एका ओळीत होतं, नाहीतर चॅटजीपीटी काही सेकंदांत लिहून देतं. मग आम्ही पाठ कशाला करायचं?' प्रश्न रास्त आहे. 'सिलॅबसमध्ये आहे म्हणून' हे त्याचं उत्तर होऊ शकत नाही. तेव्हा या 'संपलेल्या' विषयात गेल्या दहाएक वर्षांत काय काय घडलं ते आधी बघू या, मग तुम्हीच ठरवा.

७० टक्के, पण कशाचे?

जून २०२३ मध्ये गुगल डीपमाइंडचा एक शोधनिबंध 'नेचर'मध्ये आला. त्यांच्या 'अल्फाडेव्ह' या एआयने सॉर्टिंगचा खेळ केला. प्रोसेसरला द्यायची एकेक सूचना म्हणजे एकेक चाल. उत्तर बरोबर आणि वेगात आलं की गुण. असं खेळत खेळत त्याने तीन, चार, पाच घटक क्रमाने लावणारे नवे, आखूड कोड शोधले आणि ते सी प्लस प्लसच्या एका मोठ्या लायब्ररीत दाखलही झाले. 'एआयनं सॉर्टिंग ७० टक्के वेगवान केलं' अशा पोस्ट तेव्हा तुमच्याही फीडमध्ये फिरल्या असतील.

आता आकडा नीट वाचा. ७० टक्क्यांपर्यंतचा फायदा होता तो अगदी छोट्या याद्यांसाठी. अडीच लाखांहून जास्त घटकांच्या यादीत फायदा होता साधारण १.७ टक्के. हेही कमी नाही बरं का. मोठी यादी लावताना शेवटी तिचे छोटे तुकडेच लावावे लागतात आणि हे काम जगभर रोज अब्जावधी वेळा होतं. पण '७०' आणि '१.७' यांतला फरक कुणाला दिसतो? मोठी यादी छोट्या तुकड्यांत कशी फुटते, हे ज्याला ठाऊक आहे त्याला. गंमत म्हणजे त्याच वर्षी कॅसिओ नेरी यांनी तीन घटकांसाठी अल्फाडेव्हपेक्षाही आखूड आणि वेगवान कोड मांडला. म्हणजे एआयने दार उघडलं खरं, पण त्याचा शब्द शेवटचा ठरला नाही.

ठिगळ लावलं आणि फसलं

दुसरी गोष्ट 'टिमसॉर्ट'ची. टिम पीटर्स यांनी २००२ मध्ये पायथॉनसाठी हे अल्गोरिदम लिहिलं. खऱ्या आयुष्यातला डेटा पूर्ण विस्कटलेला नसतो, त्यात आधीच क्रमाने लागलेले पट्टे असतात, हे त्यांनी हेरलं. ते पट्टे शोधायचे आणि जोडत जायचं. कल्पना इतकी चालली की जावा आणि अँड्रॉइडनेही ती उचलली. वर्षानुवर्षं टेस्ट पास होत होत्या, कुणाचीही तक्रार नव्हती.

२०१५ मध्ये काही युरोपीय संशोधक हा कोड बरोबर आहे हे गणिताने सिद्ध करायला बसले. सिद्ध होईना. कारण कोडमध्येच चूक होती! ठरावीक पद्धतीने रचलेली प्रचंड मोठी यादी दिली की जावाचं सॉर्टिंग कोसळायचं. संशोधकांनी चूक कुठे आहे ते दाखवलं आणि दुरुस्तीही सुचवली. पायथॉनने मूळ तर्क दुरुस्त केला. जावाने सोपा मार्ग धरला: तर्क तसाच ठेवला, आतल्या एका साठ्याची लांबी तेवढी वाढवली. २०१८ मध्ये फ्रान्समधल्या संशोधकांनी दाखवलं की ती वाढवलेली लांबीही पुरेशी नव्हती.

ही गोष्ट आज जास्त महत्त्वाची आहे. एआयने लिहिलेला कोड आपण कसा तपासतो? चार इनपुट देतो, उत्तर बरोबर आलं की सबमिट. टिमसॉर्ट तर अशा कितीतरी परीक्षा वर्षानुवर्षं पास होत होतं.

पायथॉनची कथा तिथेच थांबत नाही. पट्टे कोणत्या क्रमाने जोडायचे, याची आणखी चांगली पद्धत इयन मन्रो आणि सेबास्टियन वाइल्ड यांनी २०१८ मध्ये मांडली. तिचं नाव 'पॉवरसॉर्ट'. २०२२ मध्ये आलेल्या पायथॉन ३.११ पासून तीच वापरात आहे. तुम्ही लिहिता ती ओळ बदललेली नाही, आतलं यंत्र मात्र बदललंय.

पुस्तकातला 'शेवट' खोडणारे

डायक्स्ट्राचं अल्गोरिदम तुम्ही शिकला असाल. १९५६ मध्ये ॲमस्टरडॅमच्या एका कॅफेत डायक्स्ट्रांना वीसेक मिनिटांत सुचलेलं. ते जवळच्या ठिकाणापासून लांबच्या ठिकाणाकडे क्रमाने जातं, म्हणजे नकळत सगळी ठिकाणं अंतरानुसार सॉर्टच करतं. त्यामुळे सॉर्टिंगला लागतो त्यापेक्षा कमी वेळात ते होणार नाही, असं बराच काळ मानलं गेलं. २०२५ मध्ये चीनच्या चिंगहुआ विद्यापीठातल्या रान दुआन यांच्या गटाने ही भिंत ओलांडली. युक्ती अशी की सगळ्यांना रांगेत उभंच करायचं नाही, गट पाडायचे आणि मोजके प्रतिनिधी निवडून पुढे जायचं. उद्यापासून तुमचा मॅप वेगात चालेल असा याचा अर्थ नाही, हा सिद्धांताच्या पातळीवरचा निकाल आहे. पण 'यापेक्षा चांगलं होणार नाही' हे पुस्तकातलं गृहीत त्याने खोडलं.

शेजारच्याच धड्यातलं आणखी एक उदाहरण. हॅश टेबलबद्दल अँड्र्यू याओ या ट्युरिंग पुरस्कारविजेत्यांनी १९८५ मध्ये मांडलेला अंदाज जवळपास चाळीस वर्षं टिकला. तो खोटा ठरवणाऱ्या कामाची सुरुवात केली अँड्र्यू क्रापिव्हिन या अमेरिकेतल्या रटगर्स विद्यापीठाच्या पदवीच्या विद्यार्थ्याने. तो अंदाज त्याला माहीतच नव्हता, त्यामुळे त्याचं दडपणही नव्हतं.

'आम्ही कॉम्प्युटरवाले नाही'

समजा तुम्ही फिजिओथेरपी शिकताय. पक्षाघातानंतर पुन्हा तोल सावरायला शिकणाऱ्या रुग्णाला सेन्सर लावलेल्या फळीवर उभं केलं जातं. व्हिडिओ गेमसाठी २००७ मध्ये आलेला 'वी बॅलन्स बोर्ड' संशोधकांनी याच कामासाठी तपासला. त्याच्या चार कोपऱ्यांतले सेन्सर शरीराचा भार कुठे पडतोय ते सांगतात. या आकड्यांत मध्येच उसळ्या येतात. त्या काढायची एक साधी पद्धत म्हणजे लागोपाठचे काही आकडे क्रमाने लावायचे आणि मधला उचलायचा. पुन्हा सॉर्टिंगच! सरासरी एका वेड्यावाकड्या आकड्याने ढळते, मधला आकडा सहसा ढळत नाही.

पण थांबा. ती उसळी सेन्सरची चूक होती, की रुग्णाचा खरोखर तोल जाता जाता वाचला होता? फिल्टर डोळे झाकून लावला तर आलेख सुंदर दिसेल, आणि ज्या क्षणासाठी हा सगळा खटाटोप केला तोच पुसला जाईल. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार माणसं पडल्यामुळे दगावतात. इथे आलेखापेक्षा तो क्षण मोलाचा आहे. तो ओळखायला रुग्ण कळावा लागतो आणि फिल्टर आत काय करतो तेही कळावं लागतं.

मग उत्तर काय?

पाठ करू नका. खरंच. क्विकसॉर्टचा कोड तोंडपाठ असण्याची किंमत आता फारशी उरलेली नाही आणि निव्वळ पाठांतर तपासणारी मुलाखतही फार दिवस टिकणार नाही. किंमत वाढली आहे ती तीन प्रश्नांची. हे का चालतं? कुठे मोडेल? आणि समोरचा आकडा नक्की कशाचा आहे? आज रात्री एआयकडून सॉर्टिंगचा कोड लिहून घ्या आणि तो मोडणारं इनपुट शोधायला बसा. मोडला तर तुम्ही काहीतरी शिकलात. नाही मोडला, तर तो का मोडत नाही हे कागदावर मांडून बघा. २०१५ मध्ये त्या संशोधकांनी सुरुवात नेमकी तिथूनच केली होती.