चिठ्ठीवरची तीन अक्षरे

गेल्या अंकात अतिलवचिक सांध्यांच्या रुग्णांवर एक टिपण छापले आणि टपाल वाढले. आनंद वाटायला हवा होता. पण बोरिवलीपासून मुलुंडपर्यंतच्या डॉक्टर सभासदांची जी पत्रे आली त्यांतल्या बहुतेकांचा प्रश्न एकच होता: ‘एहलर्स-डॅन्लॉसचा स्पेशालिस्ट मुंबईत कोण? नाव आणि नंबर द्या.’ घाटकोपरच्या एका ज्येष्ठ सभासदाने तर प्रश्नचिन्हही घातले नाही. नुसते ‘नाव कळवावे’ एवढेच लिहिले.

असे एक नाव नाही. असते तर मीही सुटलो असतो. जो आजार डोळ्याच्या झोन्यूलपासून ॲओर्टाच्या भिंतीपर्यंत आणि ड्युरापासून गर्भाशयापर्यंत कुठेही उगवतो, त्याचा एकच धनी कोण होणार? मेडिकल जेनेटिक्समध्ये डीएम केलेली माणसे देशातच मोजकी. ती निदान करतील, कौन्सेलिंग करतील. खांदा पाचव्यांदा निखळला की तो बसवायला ती येणार नाहीत. पण पत्रे पुन्हा वाचताना लक्षात आले, की रुग्ण स्पेशालिस्टपर्यंत पोचत नाहीत याचे कारण स्पेशालिस्ट कमी आहेत एवढेच नाही. आपण त्यांना चुकीच्या दारात धाडतो, आणि तेही स्वतःच्या हस्ताक्षरात.

एकोणीस वर्षांची एक मुलगी माझ्याकडे तिच्या लहानपणापासून येते. आठव्या वर्षी गुडघे दुखायचे तेव्हा ‘वाढीचं दुखणं आहे, जाईल’ असे मीच तिच्या आईला सांगितले होते. बाराव्या वर्षी नृत्याच्या क्लासमध्ये तिच्या लवचिकपणाचे कौतुक झाले. सोळाव्या वर्षी पाठीवरची बॅग उचलताना उजवा खांदा निखळला, मग डावा. गुडघ्यावरच्या जुन्या जखमांचे व्रण सिगारेटच्या कागदासारखे, पातळ आणि सुरकुतलेले. अंगठा वाकवून दाखव म्हटले, तर तिने तो सहज मनगटाला टेकवला आणि हसून विचारले, ‘सगळ्यांना येत नाही का हे?’ तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. बायटन स्कोअर मोजला: नवापैकी आठ. मी चिठ्ठी लिहिली, आणि या वेळी तिच्याबरोबर स्वतः गेलो.

रुग्णालयाचे नाव सांगत नाही. कोणत्याही मोठ्या सरकारी किंवा पालिका रुग्णालयात हेच झाले असते. सकाळी साडेसातला रांग. केसपेपरच्या खिडकीत बसलेल्या माणसाने चिठ्ठी वाचली आणि मान वर न करता म्हणाला, ‘सीटीडी ना? संधिवात. बुधवारी या.’ मी माझी ओळख सांगितली. हा आनुवंशिक आजार आहे, संधिवाताचा नव्हे, हेही सांगितले. तो म्हणाला, ‘साहेब, चिठ्ठीवर जे लिहिलंय तेच मी टाकतो.’

त्याचे बरोबर होते. चिठ्ठी माझी होती आणि तिच्यावर मी ‘सस्पेक्टेड सीटीडी’ असे लिहिले होते.

कनेक्टिव्ह टिश्यू डिसऑर्डर म्हणून मी ती तीन अक्षरे लिहिली. तुम्हीही लिहिता. पण आपल्या सगळ्या शहरात, खिडकीपासून हाउसमनपर्यंत, सीटीडी म्हणजे ल्युपस, स्क्लेरोडर्मा, मिक्स्ड सीटीडी, म्हणजे ऑटोइम्यून, म्हणजे एएनए. मुलीच्या आईने कापडी पिशवीतून जुने कागद काढले तेव्हा बाकीची गोष्ट उलगडली. एएनए तीनदा झाला होता. तीनदा निगेटिव्ह. ईएसआर, सीआरपी, आरए फॅक्टर, सगळे ठीक. आणि एका कागदावर स्वच्छ अक्षरात: ‘नो एव्हिडन्स ऑफ सीटीडी. रिॲश्युअर्ड.’ कनेक्टिव्ह टिश्यूचा आजार असलेल्या मुलीच्या पिशवीत कनेक्टिव्ह टिश्यूचा आजार नसल्याचा दाखला! पुढच्या प्रत्येक डॉक्टरने तो वाचला आणि त्यानंतरच्या दुखण्याचे खापर मनावर फोडले. दोन वर्षे गोळ्या चालू होत्या, त्याही त्याच समजुतीच्या. संधिवाततज्ज्ञांचा यात काडीचा दोष नाही. विचारलेल्या प्रश्नाचे त्यांनी बरोबर उत्तर दिले. प्रश्न आपण चुकीचा विचारला.

तेव्हा यापुढे चिठ्ठीवर ‘सीटीडी’ लिहू नका. ‘आनुवंशिक’ हा शब्द आधी, ठळक, आणि पुढे कोणत्या आजाराचा संशय आहे ते पूर्ण नावाने. विभाग: मेडिकल जेनेटिक्स. खाली बायटन किती, व्रण कसे, कोणता सांधा किती वेळा निखळला, उंची आणि हातांचा पल्ला किती, घरात कोणी पन्नाशीच्या आत अचानक गेले का. ‘हार्ट अटॅकने गेले’ असे नातेवाईक म्हणाले तर तेवढ्यावर थांबू नका. पोस्टमॉर्टेम झाले होते का, हेही विचारा. चिठ्ठी अर्ध्या पानाची होईल. होऊ द्या. सर्दीच्या रुग्णाला तीन अँटिबायोटिक लिहिताना आपल्याला जागा पुरते, मग इथेच हात का आखडतो?

एक सावधगिरी. बायटनवर फार विसंबू नका. २०१७च्या वर्गीकरणात एहलर्स-डॅन्लॉसचे तेरा प्रकार आहेत, आणि त्यांतला जो जीव घेतो तो व्हॅस्क्युलर प्रकार मोठे सांधे सैल न करताही येतो. पातळ, खालच्या शिरा दिसणारी कातडी, विनाकारण उठणारे काळेनिळे डाग, तरुण वयात आतडे किंवा धमनी फाटल्याचा इतिहास. अशा माणसाचा बायटन दोन असेल आणि आपण त्याला सोडून देऊ. उलट सगळ्यांत जास्त आढळणारा हायपरमोबाइल प्रकार, त्याची जनुकीय चाचणीच नाही. निदान दवाखान्यातच, हातांनी आणि डोळ्यांनी करायचे असते. दुसऱ्या प्रकाराची शंका असेल तर पॅनेल जरूर करा. पण ‘पॅनेल करून घ्या म्हणजे हायपरमोबाइल पक्के होईल’ असे सांगून पालकांना महिन्याचा पगार खर्च करायला लावणाऱ्यांनी ‘चाचणीच नाही’ हे वाक्य दोनदा वाचावे. वर त्या अहवालात ‘अनिश्चित अर्थाचा बदल’ असा एखादा शेरा निघाला, की ते घर सहा महिने झोपत नाही.

आता दार कुठे ते. परळ. राष्ट्रीय दुर्मीळ आजार धोरण २०२१ मध्ये आले, त्याखालच्या उत्कृष्टता केंद्रांत परळचे केईएम रुग्णालय आहे. मे २०२२ मध्ये मदतीची मर्यादा ५० लाखांपर्यंत नेली, ही बातमी आपण सगळ्यांनी वाचली आणि रुग्णांनाही सांगितली. मग रुग्ण धोरणातली आजारांची यादी उघडतो. ऑस्टिओजेनेसिस इम्परफेक्टा त्यात आहे, बिस्फॉस्फोनेटसाठी. होमोसिस्टिन्युरिया आहे. मार्फान नाही, एहलर्स-डॅन्लॉस नाही. ‘आमचा आजार सरकारला मान्य नाही’ असे म्हणून एक कुटुंब परत आल्याचे अंधेरीच्या सभासदाने लिहिले आहे. ती यादी निधीची आहे, निदानाची नव्हे, हे त्यांना आधीच समजावून सांगणे आपले काम होते. ज्यांच्या औषधाला कोट्यवधी लागत नाहीत, वर्षाला एक इको आणि रोजची बीटा ब्लॉकरची गोळी लागते, त्यांच्यासाठी धोरणात मदत नाही. पण म्हणून त्यांच्यासाठी जनुकतज्ज्ञ नाही असे होत नाही. आणि होमोसिस्टिन्युरियाचे नाव मुद्दाम घेतले. उंच, बारीक, भिंग सरकलेले पोर पाहिले की सगळे मार्फान म्हणून मोकळे होतात. भिंग खाली सरकलेले असेल, शाळेत मागे पडत असेल, तर होमोसिस्टीन पाहा. त्यांतल्या काहींना नुसते पायरिडॉक्सिन लागू पडते. इतके स्वस्त औषध हाताशी असताना निदान हुकले तर त्याला बहाणा नाही.

परळला गेल्यावरही एक अडचण येते. आपल्याकडे जनुकशास्त्राची सेवा बहुतेक ठिकाणी बालरोग विभागाच्या आधाराने वाढली. आठ वर्षांच्या मुलाला ते दार सापडते. एकोणीस वर्षांच्या मुलीला तिथे ‘तुम्ही मोठ्या झालात’ असे ऐकावे लागते आणि मेडिसिनमध्ये ‘हे लहानपणापासूनचं आहे ना?’ असे. जन्मतः आलेला आजार अठराव्या वाढदिवशी संपतो, असे आपल्या व्यवस्थेला वाटते की काय!

अपंगत्वाच्या दाखल्याबद्दलही तीन पत्रे आहेत, म्हणून दोन शब्द. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात अपंगत्वाचे एकवीस प्रकार आहेत, पण हे आजार नावाने नाहीत. अस्थिव्यंगाच्या रकान्यात शिरावे लागते. हाताचे मोजमाप करताना सांध्याची हालचाल किती कमी झाली ते गोनिओमीटरने पाहतात. आपल्या रुग्णाची हालचाल कमी नाही, जास्तच आहे. कोपर उलट दिशेला वाकते. दाखला देणाऱ्या बोर्डातल्या डॉक्टरांनी कोन मोजला, तक्त्यात पाहिले आणि नुकसान शून्य लिहिले. खांदा रोज निखळणाऱ्या मुलीचा हात कागदावर सुदृढ माणसापेक्षा सरस! मार्गदर्शक सूचनांत केस विंचरणे, बटणे लावणे, नाडी बांधणे अशा समन्वित कृतींचेही गुण आहेत आणि पायासाठी स्थैर्याचा वेगळा घटक आहे. बोर्डाकडे पाठवताना या कृतींबद्दल लिहून द्या: किती वेळ लागतो, किती वेळा थांबावे लागते, कोणती येतच नाही. ४० टक्क्यांची पायरी कोनाने नाही ओलांडता येत, तर कृतींनी ओलांडता येते का पाहा. बोर्डात बसणाऱ्यांना हा फरक माहीत असायला हरकत नाही. नसेल तर आपली चिठ्ठी वाचून कळेल.

सभासदांवर रागावण्याचे आणखी एक कारण आहे. डिसेंबर २०१८ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने फ्लुरोक्विनोलोनबद्दल इशारा दिला: ॲओर्टा फुगलेली असेल तर, आणि मार्फान किंवा एहलर्स-डॅन्लॉससारखे आजार असतील तर, दुसरा पर्याय असेपर्यंत ही औषधे नकोत. त्याला वर्षे झाली. लघवीच्या जळजळीला सिप्रो आणि छातीला लिव्हो, हे आपल्या उपनगरी दवाखान्यातले नित्याचे. मार्फानचे निदान झालेल्या, फाइलीवर तसे लिहिलेल्या एका रुग्णाला पाच दिवसांचे लिव्हो दिल्याची चिठ्ठी माझ्यासमोर आली. लिहिणारा आपलाच सभासद. नाव छापत नाही.

आणि फिटनेस सर्टिफिकेट. जून-जुलैत शाळा-कॉलेजांची मुले गठ्ठ्याने येतात. उंच पोर दिसले की क्रीडाशिक्षक त्याला बास्केटबॉलच्या किंवा व्हॉलीबॉलच्या संघात घालतो, आणि आपण छातीवर स्टेथोस्कोप टेकवून सही करतो. व्हॉलीबॉलपटू फ्लो हायमन १९८४च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये रौप्यपदक जिंकलेल्या अमेरिकन संघात होती. सहा फूट पाच इंच उंच. २४ जानेवारी १९८६ला जपानमध्ये, सामना चालू असताना, मैदानाबाहेर बाकावर बसली आणि तिथेच कोसळली. वय एकतीस. आधी हृदयविकार म्हटले गेले. शवविच्छेदनात ॲओर्टा फाटलेली निघाली, मार्फान निघाला. ऑलिम्पिकपर्यंत गेलेल्या बाईची छाती किती डॉक्टरांनी ऐकली असेल! अंगठा मुठीत घालून करंगळीच्या बाजूने बाहेर येतो का, आणि अंगठा-करंगळी मनगटाभोवती एकमेकांवर चढतात का, हे पाहायला दहा सेकंद लागतात. दोन्ही जमले, तर सही थांबवा आणि इको सांगा. अहवालात ॲओर्टिक रूटचा आकार मिलिमीटरमध्ये आणि झेड स्कोअर मागा. ‘इको नॉर्मल’ एवढेच आले तर परत पाठवा.

आपल्या उपनगरांत यातले काय होऊ शकते? कूपर रुग्णालयाच्या आवारात २०१५ पासून वैद्यकीय महाविद्यालय आहे. महिन्यातून एक दुपार, एका खोलीत अस्थिरोग, नेत्र, हृदय आणि परळहून येणारा एक जनुकतज्ज्ञ, वयाची अट नाही. इतकेच मागतो आहे. निवेदनाचा मसुदा तयार आहे. मागच्या निवेदनावर किती सह्या आल्या ते सांगून कोणाला लाजवत नाही, पण या वेळी पेन खिशातून काढा.

तोपर्यंत आपली यादी आपणच करू. तुमच्या भागात या आजाराचा रुग्ण हातात घेऊन बघणारा जो कोणी असेल, त्याचे नाव पाठवा: इकोत रूट नीट मोजणारा, सैल सांध्यांना ताण न देता व्यायाम शिकवणारा फिजिओ, स्लिट लॅम्पवर बाहुली मोठी करून भिंग पाहणारा नेत्रतज्ज्ञ. नावाबरोबर ओपीडीचा वार, मजला, केसपेपर कोणत्या खिडकीत निघतो आणि अठरा वर्षांवरचा रुग्ण घेतात का, हे लिहा. स्वतः फोन करून खात्री केलेलीच माहिती पाठवा. ‘अमुक ठिकाणी चांगले डॉक्टर आहेत असे ऐकतो’ अशी पत्रे छापली जाणार नाहीत.

त्या मुलीच्या चिठ्ठीवर ‘सीटीडी’ खोडून मी नवी अर्ध्या पानाची चिठ्ठी लिहिली. खिडकीतल्या माणसाने ती दोनदा वाचली, शेजारच्याला दाखवली, आणि म्हणाला, ‘दुसरा मजला. पण आज नाही, गुरुवारी.’