देमारपटांचा घाम आणि यंत्राचा मुलामा

शांघाय आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात जून २०२५ मध्ये चीनमधील चित्रपट क्षेत्रातील संस्थांनी एक महत्त्वाकांक्षी योजना जाहीर केली. कुंग फू परंपरेतील शंभर गाजलेल्या चित्रपटांना कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साह्याने नवे रूप देण्याची ही योजना. ब्रूस लीचा ‘फिस्ट ऑफ फ्युरी’ आणि जॅकी चॅनचा ‘ड्रंकन मास्टर’ यांचा त्यात समावेश आहे. त्याआधी दोनच महिने, एप्रिल २०२५ मध्ये, ऑस्कर पुरस्कार देणाऱ्या अकादमीने २०२७ मध्ये प्रदर्शित होणाऱ्या चित्रपटांपासून स्टंटच्या आखणीसाठी स्वतंत्र पुरस्कार देण्याचे ठरवले होते. एका निर्णयात यंत्रावर भरवसा, तर दुसऱ्यात शरीराच्या कसबाला उशिरा मिळालेली मान्यता. हे दोन निर्णय शेजारी ठेवले की एक प्रश्न उभा राहतो. तुटपुंज्या पैशांत, घाईघाईने काढलेल्या या मारधाडपटांवर जगभरच्या प्रेक्षकाने एवढा जीव टाकला, तो नेमका कशासाठी?

उत्तराची सुरुवात १९७१ सालच्या ‘द बिग बॉस’पासून करता येईल. थायलंडमधील पाक चाँग या गावी चित्रित झालेल्या या चित्रपटाला सुमारे एक लाख डॉलर एवढाच खर्च आला होता. कामाच्या शोधात परमुलखात आलेला तरुण बर्फाच्या कारखान्यात मजुरीला लागतो. बर्फाच्या लाद्यांतून अमली पदार्थांची चोरटी वाहतूक चालते आणि त्याविषयी विचारणा करणारे मजूर एकेक करून नाहीसे होतात. मारामारी न करण्याचे वचन आईला दिलेला हा तरुण बराच वेळ सारे मुकाट्याने सोसतो. त्याचा संयम सुटतो, तेव्हा प्रेक्षागृहातला सोशिक माणूसही त्याच्याबरोबर हात उगारत असतो. अन्यायाचे निवारण करायला येथे न्यायालय नाही, पोलीस नाहीत, बंदूकही नाही. नायकापाशी आहे ते केवळ मेहनतीने कमावलेले शरीर. हे हत्यार विकत घ्यावे लागत नाही आणि कोणाला हिरावूनही घेता येत नाही.

१९७३ मध्ये ‘किंग बॉक्सर’ आणि ‘एंटर द ड्रॅगन’ हे चित्रपट अमेरिकेत झळकले. तेथील शहरांतल्या स्वस्त चित्रपटगृहांत कृष्णवर्णीय तरुणांनी त्यांना आपलेसे केले, यामागेही हेच कारण होते. गोरा नसलेला नायक ताठ मानेने उभा राहतो आणि जिंकतो, हे दृश्य त्यांना हॉलिवूडने क्वचितच दाखवले होते. ‘एंटर द ड्रॅगन’चे यश पाहायला ब्रूस ली स्वतः उरला नाही. २० जुलै १९७३ रोजी, वयाच्या अवघ्या ३२ व्या वर्षी त्याचे निधन झाले.

कथेइतकेच महत्त्व या चित्रपटांच्या मांडणीला आहे. चांगल्या कुंग फू चित्रपटात कॅमेरा दूर उभा राहतो, लढणारे दोघे नखशिखान्त चौकटीत दिसतात आणि संकलकाची कात्री बेताने चालते. फटका खरोखर लागला नसला, तरी उडी खरी असते, तोल खरा असतो आणि लागलेला दमही खरा असतो. ‘द थर्टीसिक्स्थ चेंबर ऑफ शाओलिन’ (१९७८) या लाउ कार-लेउंग यांच्या चित्रपटात तर मोठा भाग निव्वळ शिक्षणाचा आहे. नायक एकेका दालनात चुकतो, पडतो आणि पुन्हा उभा राहतो. लाल मातीच्या तालमी आणि वस्तादांचा धाक ठाऊक असलेल्या महाराष्ट्राला ही गोष्ट परकी वाटण्याचे कारण नाही. विद्या फुकट मिळत नाही, हे तिचे सूत्र संवादाविनाही कळते. म्हणूनच वाईट डबिंग, पुसट प्रिंट आणि अगम्य उपशीर्षके असूनही हे चित्रपट ऐंशीच्या दशकात व्हिडिओ पार्लरमधून गावोगाव पोहोचू शकले. मुंबईत घडणारा वासन बाला यांचा ‘मर्द को दर्द नहीं होता’ हा त्या व्हिडिओ कॅसेटच्या काळालाच केलेला सलाम होता. २०१८ मध्ये टोरांटो महोत्सवाच्या मध्यरात्रीच्या विभागात प्रेक्षकांनी त्यालाच पसंतीचा कौल दिला.

पैशांची चणचण अनेकदा दिग्दर्शकाला शिस्त लावते. ‘द रेड’ (२०११) हे त्याचे ठळक उदाहरण. इंडोनेशियात काम करणारे वेल्श दिग्दर्शक गॅरेथ इव्हान्स यांना मोठ्या चित्रपटासाठी पैसा उभा करता आला नाही. तेव्हा त्यांनी एकाच इमारतीत घडणारी कथा रचली आणि सुमारे अकरा लाख डॉलरमध्ये चित्रपट पुरा केला. पेंचाक सिलाट या स्थानिक युद्धकलेत तयार झालेला इको उवैस पूर्वी एका दूरसंचार कंपनीत वाहनचालक होता. त्या चित्रपटाने त्याला जगापुढे आणले. त्याहून टोकाचे उदाहरण युगांडाचे. कंपालातील वाकालिगा या झोपडवस्तीत आयझॅक नब्वाना यांनी भंगारातून बनवलेली शस्त्रे, जुळवाजुळव करून उभारलेला संगणक आणि शेजारपाजारचे हौशी तरुण यांच्या बळावर ‘हू किल्ड कॅप्टन अ‍ॅलेक्स?’ (२०१०) काढला. त्याचा खर्च एखाद्या मोठ्या चित्रपटाच्या एका दिवसाच्या चहापाण्याइतकाही नसेल. मालेगावात नासिर शेख आणि त्यांच्या मित्रांनी ‘शोले’ची आपली आवृत्ती काढली, ती याच जिद्दीतून. त्यांच्या धडपडीवरचा ‘सुपरबॉइज ऑफ मालेगाव’ २०२५ मध्ये प्रदर्शित झाला.

या साऱ्याला एक काळी बाजू आहे आणि कौतुकाच्या भरात ती झाकली जाते. पैसा कमी पडतो, तेव्हा त्याची भरपाई कोणाचे तरी शरीर करत असते. १९८६ च्या ‘आर्मर ऑफ गॉड’च्या चित्रीकरणात झाडावरून पडून जॅकी चॅनची कवटी फुटली होती. त्याच्या चित्रपटांच्या अखेरीस फसलेल्या उड्या आणि जखमा दाखवण्याची प्रथा पडली. प्रेक्षक हसत, पण जे पाहिले ते खरे होते याचा तो पुरावाही असे. जॅकी चॅनचे नाव जगाला कळले. त्याच्यासोबत पडलेल्या कित्येकांची नावे श्रेयनामावलीतच राहिली. भारतातही हे दुखणे नवे नाही. जुलै २०२५ मध्ये तमिळनाडूत चित्रीकरण सुरू असताना मोटारीच्या कसरतीत एका स्टंट कलाकाराचा मृत्यू झाला आणि विमा, सुरक्षा, जबाबदारी हे प्रश्न काही दिवस चर्चेत आले. अशी चर्चा ओसरायला फार वेळ लागत नाही.

मग यंत्राचे स्वागत का करू नये? संगणकाने जीव वाचत असतील तर त्याला विरोध करणे क्रूरपणाचे ठरेल. जीर्ण झालेल्या प्रिंट स्वच्छ करणे हेही पुण्याचेच काम. शिवाय कुंग फू चित्रपटांत तारा होत्या, बदली कलाकार होते, चलाखीही होती. निर्भेळ सत्याचा दावा कोणी करू नये. परंतु प्रिंटवरची धूळ झटकणे वेगळे आणि मूळ चित्र नव्याने घडवणे वेगळे. यंत्राने रंगवलेल्या उडीत चूक होण्याची शक्यताच नसते, आणि जिथे पडण्याची भीती नाही तिथे तोल सावरण्याला अर्थ उरत नाही. या चित्रपटांची खरी पुंजी होती ती प्रेक्षकाचा विश्वास: समोरच्या माणसाने हे खरोखर केले आहे.

तो विश्वास टिकवायचा, तर जुन्या चित्रांना चकाकी देण्यापेक्षा जिवंत कलाकारांकडे पाहणे अधिक निकडीचे आहे. सरावाला पुरेसा वेळ, सेटवर वैद्यकीय मदत, विमा आणि नावानिशी श्रेय या गोष्टींना प्रगत तंत्रज्ञान लागत नाही. लागते ती केवळ निर्मात्यांची तयारी आणि थोडा अधिक खर्च. स्वस्त चित्रपटाने माणसाचे शरीर किती मोलाचे आहे, हे अर्धशतक पडद्यावर दाखवले. ते मोल पडद्यामागे चुकवायला चित्रपटसृष्टी तयार आहे का, हे ऑस्करच्या बाहुलीवरून नव्हे, चित्रीकरणाच्या जागी काय बदलते त्यावरून ठरेल.